मदत हवी आहे: १६ जुलै १७८७ चं मतदान ५ विरुद्ध ४ कसं?

अकरावीच्या वर्गात अमेरिकेची राज्यघटना तयार करणारी फिलाडेल्फियाची परिषद मुलांकडून सादर करून घ्यायची आहे. प्रसंग एकच: सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, लहानमोठ्या सगळ्या राज्यांना समान मत देणारी तडजोड. निकाल ५ विरुद्ध ४ असा वाचला, पण राज्यं तर १३ होती. बाकीची चार कुठे गेली? आणि ४० मुलांची मतं मोजायची कशी?

प्रतिसाद १
चारही सापडतात. ऱ्होड आयलंडने कुणाला पाठवलंच नाही. न्यू हॅम्पशायरचे दोन प्रतिनिधी २३ जुलैला आले. न्यूयॉर्कचे येट्स आणि लान्सिंग १० जुलैला परिषद सोडून गेले, त्यांचे तिसरे प्रतिनिधी हॅमिल्टनही तेव्हा तिथे नव्हते. चौथं मॅसॅच्युसेट्स: त्याच्या प्रतिनिधींपैकी गेरी आणि स्ट्राँग बाजूने, किंग आणि गोरम विरोधात. दोन-दोन झाल्यामुळे राज्याचं मत कुठेच धरलं गेलं नाही.
बाजूने: कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना. विरोधात: पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया.

प्रतिसाद २
डोकी मोजू नका, सगळा प्रसंग तिथेच फसतो. प्रत्येक राज्याला एकच मत होतं. दहा बाकांवर दहा राज्यं बसवा आणि प्रत्येक बाकाला एकच पाटी द्या. बाकावरच्या मुलांनी आधी आपसात हात वर करायचे, बहुमत होईल त्याप्रमाणे पाटी उचलायची. मॅसॅच्युसेट्सला मोजून चारच मुलं द्या, नाहीतर बरोबरी होणार नाही. राज्यांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे पुकारा, तिथे तोच क्रम होता.
वेळ असेल तर आधी सिनेटमधल्या समान मतावरचंच २ जुलैचं मतदान घ्या. त्या दिवशी न्यूयॉर्क हजर होतं, म्हणजे बाक अकरा. निकाल ५-५ आणि जॉर्जिया दुभंगलेलं: बाल्डविन बाजूने, ह्यूस्टन विरोधात. त्यावर प्रत्येक राज्यातून एक अशी अकरा जणांची समिती नेमली. नॉर्थ कॅरोलिना तेव्हा विरोधात होतं. १६ जुलैला ते बाजू बदलून आलं नसतं, तर तडजोड ४ विरुद्ध ५ अशी पडली असती. माझ्या मते प्रसंगाचा खरा ताण त्या एका बाकावर आहे.

धागाकर्ता
फार उपयोग झाला. तास ३५ मिनिटांचा आहे. ठरावात 'प्रत्येक राज्याचे २ सिनेटर' असं लिहू ना? आणि गुलामांच्या मोजणीचा भाग वगळला तर?

प्रतिसाद १
२ हा आकडा नको. १६ जुलैच्या ठरावात फक्त 'समान मत' आहे. दोन सिनेटर आणि दोघांनी स्वतंत्र मत द्यायचं, हे २३ जुलैला ठरलं.
मोजणीचा भाग मात्र अजिबात वगळू नका. तो त्याच ठरावात होता आणि मतदान अख्ख्या ठरावावर एकदमच झालं. खालच्या सभागृहाच्या जागा लोकसंख्येवर, आणि त्या मोजणीत दर ५ गुलाम म्हणजे ३ माणसं. ज्यांना मोजलं त्यांना मताचा हक्क नव्हताच. त्यांच्या नावावर वाढलेल्या जागा त्यांना गुलाम ठेवणाऱ्या राज्यांकडे गेल्या. मुलं हमखास विचारतात, 'मग ३/५ ऐवजी पूर्ण मोजलं असतं तर बरं नाही का?' उत्तर तयार ठेवा: पूर्ण मोजलं असतं तर मालकांच्या राज्यांचं बळ आणखी वाढलं असतं.
वेळ कमी पडला तर २ जुलैचं मतदान गाळा आणि ठराव पूर्ण वाचून घ्या.