'इम्प्रेशन'ला मराठीत काय म्हणावं? झळकणं, भेट, वर्दळ आणि राबता

मूळ प्रश्न

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या काही व्यापाऱ्यांच्या संकेतस्थळांचं काम माझ्याकडे असतं. दर महिन्याला मी त्यांना अहवाल देतो, तोही मराठीत. वाचणारी मंडळी आकड्यांना अजिबात कच्ची नाहीत. सुताचा भाव आणि मजुरीचा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. अडचण शब्दांची आहे. हिट, व्ह्यू, क्लिक, व्हिजिट, इम्प्रेशन या सगळ्यांचा अर्थ ते एकच घेतात: 'इतकी माणसं आली.' चाटी गल्लीतल्या एका मालकांनी अहवाल वाचून विचारलं, "एवढी माणसं येऊन गेली म्हणता, मग फोन का वाजंना ओ?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी पाहिलेला आकडा इम्प्रेशनचा होता. तितक्या वेळा गूगलच्या निकालांत दुकानाचा दुवा होता, इतकाच त्याचा अर्थ.

पूर्वी हा घोळ फारसा नडत नसे. इम्प्रेशन वाढले की साधारण भेटीही वाढत. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात शोधाच्या निकालांवर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली आणि ही जोडी फुटू लागली. 'सोलापुरी चादर आणि साध्या चादरीत फरक काय' असं विचारलं की जॅकार्डचं विणकाम, सुती धागा, भौगोलिक मानांकन ही सगळी माहिती तिथेच वाचायला मिळते. ज्या पानांवरून ती घेतली त्यांचे दुवे शेजारी असतात. दुवा दिसला की इम्प्रेशन मोजलं जातं, पण उत्तर मिळालेला माणूस आत येतोच असं नाही. म्हणजे एक आकडा चढतो आणि दुसरा उतरतो. दोन्हींना आपण 'भेटी' म्हणत राहिलो तर मालकाला नेमकं काय घडतंय ते सांगायला भाषाच उरत नाही.

इम्प्रेशनसाठी मी आजवर वाचलेले प्रतिशब्द असे: छाप, ठसा, दर्शन, दृश्यमानता. 'ठसा' तर अर्थाच्या उलट्या टोकाला जातो. ठसा उमटतो तेव्हा मनावर परिणाम झालेला असतो, आणि इथे तर परिणाम झाला की नाही हेच माहीत नसतं. 'दृश्यमानता' बरोबर आहे, पण ती मोजता येत नाही. 'बारा हजार दृश्यमानता' असं कोण म्हणेल? जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद: निवृत्त मराठी शिक्षिका, पंढरपूर

आपल्याच जिल्ह्यात या पायऱ्यांना नावं आहेत की. वारीत गर्दीमुळे आत जाता आलं नाही तर कळसाचं दर्शन घेऊन लोक माघारी फिरतात. मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शदर्शनाची वेगळी. लांबून दिसणं, समोर उभं राहून पाहणं आणि पायांवर डोकं ठेवणं या तीन गोष्टींत आपली माणसं कधी गल्लत करत नाहीत. त्याच धर्तीवर इम्प्रेशनला 'कळसदर्शन' म्हणून पाहा. निदान मालकांना समजावताना तरी उपयोगी पडेल.

धागाकर्ता

बाई, समजावायला हे फार चांगलं आहे आणि मी ते वापरणार. अहवालात शब्द म्हणून मात्र एका कारणासाठी घेता येणार नाही. कळसदर्शनात पाहणाऱ्याची नजर असते, वारकरी मुद्दाम मान वर करून पाहतो. इम्प्रेशनमध्ये नजरेची खात्री नाही. हे आकडे देणारं गूगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल. त्याचा साधा नियम असा: शोधणाऱ्याने उघडलेल्या निकालांच्या पानावर तुमचा दुवा असला की एक इम्प्रेशन. तो खाली सरकवत तुमच्या दुव्यापर्यंत आला नाही तरी चालतं. दुवा दुसऱ्या पानावर असेल आणि त्याने ते उघडलंच नाही, तर मात्र मोजत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट सप्टेंबर २०२५ मधली. गूगलच्या पत्त्यात एक छोटी भर घालून एका पानावर शंभर निकाल मागवता येत असत. ती सोय गेली आणि कित्येक संकेतस्थळांचे इम्प्रेशन एकाएकी खाली आले. बहुतेक जाणकारांनी काढलेला अर्थ असा, की कोणाचा क्रमांक कितवा हे तपासणारी यंत्रं, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, शंभर-शंभर निकाल उपसत होती आणि त्यांची भर या आकड्यात पडत होती. ज्या 'दर्शना'त माणूसच नव्हता त्याला दर्शन, नजर, दृष्टिक्षेप यांतलं काहीही म्हणणं मला खोटं वाटतं.

प्रतिसाद: निवृत्त मराठी शिक्षिका, पंढरपूर

पटलं. मग पाहणाऱ्याचं क्रियापद सोडा आणि दिसणाऱ्याचं घ्या. 'झळकणे'. गुणवत्ता यादीत नाव झळकतं, चौकात फलक झळकतो. कोणी वाचला की नाही याची ग्वाही 'झळकणे' देत नाही. आणि नामाच्या मागे कशाला लागायचं? इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं, या हट्टापायी आपण 'दृश्यमानता' घडवतो. मराठी क्रियापदावर चालते. 'दुकानाचं नाव या महिन्यात इतक्या वेळा झळकलं, त्यातून इतके जण आत आले' असं सरळ वाक्य लिहा. तक्त्यात मथळा हवाच असेल तर 'किती वेळा झळकलं' हाही मथळाच आहे.

धागाकर्ता

'झळकलं' घेतो. यातलं 'किती वेळा' मला विशेष आवडलं, कारण 'किती जणांना' असं ते म्हणत नाही. एकाच माणसाने तीनदा शोधलं तर ते तीनदाच झळकणार.

प्रतिसाद: सर्व्हर सांभाळणारा, मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात

'हिट'बद्दल लिहितो, कारण हा शब्द अजून बातम्यांत सर्रास चुकीचा येतो. 'संकेतस्थळाला लाखो हिट्स' वाचून लोकांना लाखो वाचक वाटतात. हिट म्हणजे सर्व्हरकडे आलेली एकेका फाइलची मागणी. एका पानावर बारा चादरींचे फोटो आहेत, शिवाय मांडणीच्या दोन फाइली आहेत, तर ते पान एकदा उघडलं की १५ हिट. फोटो वाढवा, हिट वाढतील, माणूस तोच. नव्वदच्या दशकात सर्व्हरच्या नोंदवहीतून आकडे काढणारी साधनं होती, त्यांत हिट हा सहज मिळणारा आणि मोठा दिसणारा आकडा होता, म्हणून तो रूढ झाला. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेऊन त्याच वर्षी भेटी मोजणारं ॲनालिटिक्स हे साधन आणलं. तिथे मोजणी पानातल्या स्क्रिप्टवरून, म्हणजे पान उघडल्यावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवरून होते, फाइलींवरून नाही. त्यामुळे सर्व्हरची नोंदवही आणि ॲनालिटिक्स यांचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नाही. नोंदवहीत यंत्रांची ये-जा दिसते. स्क्रिप्ट न चालवणारं यंत्र ॲनालिटिक्सला दिसतच नाही.

माझं मत असं, की 'हिट'ला मराठी शब्द शोधू नये. तो मालकाच्या अहवालातून काढूनच टाकावा.

प्रतिसाद: टॉवेल कारखानदाराची मुलगी, पूर्व भाग

दादा, माझेही तीन शब्द अडलेत. आमच्या घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि अहवाल इंग्रजीत, त्यामुळे वडिलांना समजावताना मी मराठीच वापरते. 'बाउन्स रेट', 'ऑरगॅनिक' आणि 'डायरेक्ट' यांना काय म्हणू? यंत्राने केलेल्या एका अनुवादात मी 'सेंद्रिय वाहतूक' वाचलंय. डाळिंबाच्या बागा असलेल्या या जिल्ह्यात सेंद्रिय म्हटलं की खतच डोळ्यांपुढे येतं. वडिलांना त्याचा काहीच अर्थ लागेना.

धागाकर्ता

ताई, 'ऑरगॅनिक' सोपं आहे. पैसे देऊन जाहिरात न करता शोधातून जे येतात, ते 'विनाजाहिरात' आलेले. वडिलांना लगेच कळेल.

'डायरेक्ट'ला 'थेट' म्हणू नका, हे आग्रहाने सांगतो. 'थेट' म्हटलं की पत्ता पाठ असलेलं जुनं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर येतं. काही जण तसेच आलेले असतातही. पण ॲनालिटिक्समध्ये या खान्यात मुख्यतः ते पडतात ज्यांचा मागचा मुक्काम कळला नाही. व्हॉट्सॲपवर कोणी दुवा पाठवला आणि तो दाबून कोणी आलं, तर ती भेट बऱ्याचदा इथेच जमा होते. आपल्याकडे घाऊक धंद्याचं निम्मं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं. 'थेट' वाचून मालक समजणार की आपलं नाव घरोघरी पोचलंय, आणि प्रत्यक्षात एखाद्या एजंटाने गटात दुवा टाकलेला असतो. त्याचं श्रेय एजंटाला मिळायला हवं. म्हणून मी 'कुठून आले ते कळलं नाही' असं पूर्ण लिहितो. लांब आहे, पण खरं आहे.

'बाउन्स'साठी 'आल्या पावली परत' हा वाक्प्रचार तयारच आहे. फक्त तो कोणत्या काळातल्या बाउन्सला लागू होतो ते पाहावं लागतं. जुन्या ॲनालिटिक्समध्ये एकच पान पाहून गेलेली भेट म्हणजे बाउन्स. एखाद्याने दराचं पान पाच मिनिटं नीट वाचलं, तिथून नंबर घेतला आणि फोन केला, तरी तो बाउन्सच. त्याला आल्या पावली परत म्हणणं म्हणजे पक्क्या गिऱ्हाइकाला रिकामटेकडा ठरवणं. ते जुनं साधन १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनासं झालं आणि त्याच्या जागी जीए-फोर हे नवं ॲनालिटिक्स आलं. त्यात भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती 'एंगेज्ड'. उरलेल्या भेटी बाउन्स. म्हणजे मोजमाप बदललं तेव्हा कुठे आपला जुना वाक्प्रचार त्याला चपखल बसला. २०२३ च्या आधीचा बाउन्स दर आणि आत्ताचा दर शेजारी ठेवून 'सुधारणा झाली' असं कोणी दाखवत असेल तर वडिलांना सांगा, ही तुलनाच होत नाही.

'एंगेज्ड'ला 'थांबलेली भेट' म्हणा. 'रमलेली' नको. दहा सेकंदांत कोणी रमत नाही.

प्रतिसाद: टॉवेल कारखानदाराची मुलगी, पूर्व भाग

आणि 'युजर' म्हणजे माणूस ना? वडील तोच आकडा विचारतात, बाकी काही नाही.

धागाकर्ता

बहुतेक वेळा नाही. ते ब्राउझर किंवा उपकरण असतं. वडिलांनी सकाळी मोबाइलवर आणि दुपारी कारखान्यातल्या संगणकावर आपलंच पान उघडलं, तर साधारणपणे दोन युजर. घरातल्या चौघांनी एकच टॅब्लेट वापरला तर एक. 'माणसं' हा शब्द मी त्या रकान्यात लिहीत नाही. 'वापरकर्ते' लिहून खाली एका ओळीत खुलासा देतो. 'सेशन'साठी मात्र 'भेट' निर्धास्त वापरा. अर्धा तास काही हालचाल झाली नाही की भेट संपली, असा त्याचा ठरीव नियम आहे, आणि तासाभराने तोच माणूस परत आला तर आपणही त्याला दुसरी भेटच म्हणू.

प्रतिसाद: निवृत्त मराठी शिक्षिका, पंढरपूर

'ट्रॅफिक'चं काय ठरलं? रहदारी आणि वाहतूक दोन्ही रस्त्यावरचे शब्द. 'वर्दळ' घ्या. बाजारात, देवळात, घरातसुद्धा वर्दळ असते. गड्डा यात्रेत होम मैदानावर असते तीही वर्दळच. आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी 'राबता'. मूळ अरबी, संबंध किंवा जोड या अर्थाचा. मराठीत तो नेहमीच्या ये-जेसाठी रुळला. 'त्यांच्याकडे माणसांचा राबता असतो' म्हणताना आपण डोकी मोजत नाही, लोक पुन्हा पुन्हा येतात हे सांगतो.

धागाकर्ता

बाई, या धाग्यातून मला मिळालेला सर्वांत मोलाचा शब्द हाच. एआयच्या उत्तरांमुळे जी घटते ती बरीचशी वर्दळ आहे, सहज काहीतरी विचारायला आलेली. दरवर्षी लग्नसराईत आहेरासाठी गठ्ठ्याने टॉवेल मागवणारा माणूस 'टॉवेल म्हणजे काय' असं विचारत नाही, तो दुकानाचं नाव टाकून येतो. हा राबता सर्च कन्सोलमध्ये वेगळा काढता येतो. ज्या शोधांत दुकानाचं नाव आहे ते एकीकडे आणि नाव नसलेले दुसरीकडे. चादर, चद्दर, रोमन अक्षरांतली स्पेलिंगं, सगळी तिथे निरनिराळी दिसतात, ती हाताने एकत्र करावी लागतात. वर्दळ आणि राबता असे दोन रकाने मी पुढच्या अहवालापासून वेगळे करणार आहे.

एआयच्या उत्तरातून किती जण आले हे मात्र सर्च कन्सोल वेगळं दाखवत नाही. ते सगळं 'वेब' या एकाच प्रकारात मिसळलेलं असतं. चॅटजीपीटीतून आलेल्या काही भेटी ॲनालिटिक्समध्ये त्याच्या नावाने दिसतात, तेवढ्या मी वेगळ्या लिहितो.

प्रतिसाद: सर्व्हर सांभाळणारा, पुणे

वर्दळीबद्दल एक पुरवणी. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की माणसांनी पाहिलेली पानं आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटली. हे कळलं कधी? मे-जूनमध्ये वाढलेली वर्दळ संशयास्पद वाटली, बॉट, म्हणजे अशी आपोआप फिरणारी यंत्रं, ओळखायची पद्धत त्यांनी सुधारली आणि जुने आकडे पुन्हा तपासले तेव्हा. वाढ बरीचशी यंत्रांची निघाली, माणसं कमीच झाली होती. तेव्हा 'वर्दळ' लिहाल तिथे 'माणसांची' की 'यंत्रांची' हे सांगायला हवं.

प्रतिसाद: टॉवेल कारखानदाराची मुलगी, पूर्व भाग

आणि 'क्लिक'? 'टिचकी' लिहू का?

प्रतिसाद: निवृत्त मराठी शिक्षिका, पंढरपूर

माउसवर टिचकी शोभत होती. मोबाइलवर कोणी टिचकी मारत नाही, बोट टेकवतं. 'क्लिक' सगळ्यांना कळतो, तो राहू द्या. 'बॉट'सुद्धा राहू द्या.

धागाकर्ता

तर तक्त्याचे मथळे असे करतो: किती वेळा झळकलं, क्लिक, भेटी, थांबलेल्या भेटी, आल्या पावली परत, राबता (नाव टाकून आलेले), वर्दळ (नाव न टाकता आलेले), कुठून आले ते कळलं नाही. 'सब्स्क्राइब'वर वेगळा धागा काढू, त्यात 'वर्गणी' शब्दाने बराच गोंधळ घातलाय.