१९९७ सालच्या फौजदारी खटल्याची सही-शिक्क्याची नक्कल कशी मिळवावी?

प्रश्न – खाडीकाठचा

नमस्कार. माझे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असून नोकरीनिमित्त मी डोंबिवलीला राहतो. १९९७ साली पावसाच्या तोंडावर आमच्या आणि शेजाऱ्यांच्या आगरामधल्या (नारळी-पोफळीच्या बागेमधल्या) सामाईक गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, भांडण झाले, प्रकरण हातघाईवर आले आणि माझ्यासह माझे वडील व चुलते यांच्यावर भारतीय दंड विधानाच्या कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४ खाली गुन्हा दाखल झाला. दोन वर्षे तारखा पडल्या. पुढे गावकीच्या बैठकीत समेट झाला, दोन्ही बाजूंनी न्यायालयात जाऊन सह्या केल्या आणि प्रकरण मिटले. वडील आणि चुलते आता हयात नाहीत, आणि आमचे काम पाहणारे वकीलही वारले.

आता पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ‘गुन्हा दाखल, निकाल उपलब्ध नाही’ असा शेरा आला आहे. माझ्यापाशी फक्त त्या वेळचे एक समन्स आहे. ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. ओल लागून शाई पसरली आहे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष वाचता येते, परंतु खटल्याचा क्रमांक नेमका घडीवर आल्यामुळे गेला आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहिले, काहीच आले नाही. माहितीच्या अधिकारात न्यायालयाकडे अर्ज केला, तो परत आला. शेवटी स्वतः जाऊन निकालपत्राची नक्कल मागितली, तर ‘अशा प्रकरणात निकालपत्र नसते’ एवढेच तोंडी सांगण्यात आले. निकालपत्रच नसेल तर मी निर्दोष आहे हे दाखवायचे कशाने? गणपतीला पाच दिवसांची रजा आहे, तेवढ्यात हे काम होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – नक्कल विभागातला निवृत्त

आपल्याला दिलेले उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे, आणि ते वाचून मला वाईट वाटले, कारण पुढचे एक वाक्य सांगितले असते तर आपली फेरी वाचली असती. साक्षीपुरावे होऊन खटला संपला तर न्यायाधीश निकालपत्र लिहितात. आपला खटला तडजोडीने संपला आहे. त्यात दोन्ही बाजूंच्या सह्यांची तडजोडीची पुरसीस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दाखल होते, तिला निशाणी क्रमांक (खटल्यातल्या कागदावर न्यायालय घालते तो क्रमांक) पडतो आणि न्यायाधीश त्या पुरसीशीखालीच दोन-चार ओळींचा आदेश लिहितात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० च्या पोटकलम ८ प्रमाणे अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो. म्हणून आपण मागायचे आहे ते ‘तडजोड पुरसीस व त्याखालील आदेश’ आणि त्यासोबत ‘संपूर्ण रोजनामा’, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याची नोंद. या दोन कागदांत आपले सारे काम आहे. कलम ३२४ त्या काळी न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीस पात्र होते, पुढे ते त्या यादीतून निघाले. त्यामुळे आजचा कायदा वाचून कोणी ‘३२४ मध्ये तडजोड होतच नाही’ म्हणाले तर गोंधळून जाऊ नये.

आता खटल्याचा क्रमांक. अभिलेख कक्षात खटले नावाने लावलेले नसतात. ते वर्ष आणि क्रमांकाने लावलेले असतात, आणि निकाली प्रकरणांचे बस्ते कापडात बांधून त्या क्रमाने फळीवर ठेवलेले असतात. क्रमांक नसेल तर कर्मचाऱ्याची कितीही इच्छा असली तरी त्याचा हात योग्य बस्त्यापर्यंत जात नाही. आपल्याकडे गुन्हा रजिस्टर नंबर आहे, हे मोठे भाग्य समजा. संबंधित पोलीस ठाण्यात जाऊन कोर्ट पैरवीचे (न्यायालयातल्या खटल्यांच्या पाठपुराव्याचे) काम पाहणाऱ्या अंमलदारांना भेटा. गुन्ह्याच्या नोंदीसमोर दोषारोपपत्र कोणत्या तारखेला, कोणत्या न्यायालयात गेले आणि त्याला कोणता खटला क्रमांक पडला हे बहुधा लिहिलेले असते. आपला क्रमांक ‘आर.सी.सी.’ म्हणजे नियमित फौजदारी खटला या प्रकारातला असेल, आणि क्रमांकासोबतचे वर्ष गुन्ह्याचे नसून दोषारोपपत्र नोंदल्याचे असते, म्हणजे १९९७ ऐवजी १९९८ सुद्धा निघू शकते. पोलीस ठाण्यातही नोंद सापडली नाही, तर न्यायालयाच्या फौजदारी खटल्यांच्या नोंदवहीत शोध घेण्यासाठी वेगळा अर्ज देता येतो. त्यात आरोपींची नावे, गाव, पोलीस ठाणे, कलमे आणि गुन्हा रजिस्टर नंबर लिहावा.

न्यायालय कोणते, हेही आधी पक्के करावे. तालुक्याला आज न्यायालय आहे म्हणून १९९७ चा खटलाही तिथेच चालला असेल असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मंडणगडला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. तिथल्या जुन्या खटल्यांचे कागद त्या नव्या इमारतीत असतील असे गृहीत धरून कोणी गाडीभाडे खर्च करू नये. तळकोकणात तर आणखी एक गोष्ट आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीचा सत्र खटला ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयी, शोधण्यापूर्वी रत्नागिरीला विचारणा करावी. आपल्या समन्सवर न्यायालयाचा गोल शिक्का असेल. कागद उजेडासमोर तिरका धरून पाहा. शाई गेली तरी शिक्क्याच्या कडेची अक्षरे पुष्कळदा उमटलेली राहतात.

अर्ज साध्या मराठीत चालतो. ‘नक्कल मिळण्याबाबत’ असा विषय, न्यायालयाचे नाव, खटला क्रमांक, सरकार विरुद्ध कोण, निकालाची तारीख, हवा असलेला प्रत्येक कागद निशाणी क्रमांकासह, आणि प्रत साधी हवी की तातडीची, एवढे लिहून कोर्ट फी स्टॅम्प लावावा व ओळखपत्राची प्रत जोडावी. आपण स्वतः आरोपी क्रमांक किती होता हे ठळक लिहावे, कारण खटल्यातला पक्षकार आणि त्रयस्थ यांच्या अर्जाकडे पाहण्याची रीत वेगळी असते. अर्ज नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा. कागद सापडला की पाने मोजून शुल्क सांगतात. ते भरल्यावर प्रत तयार होते. तयार नकलेवर अर्जाची तारीख, प्रत तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख लिहिलेली असते. ज्यांना पुढे अपील करायचे असते त्यांना या तारखा फार उपयोगी पडतात, कारण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात.

गणपतीच्या रजेत मात्र हे काम उरकण्याचा प्रयत्न करू नका. ऐन चतुर्थीला न्यायालय बंद असते, मागचे-पुढचे दिवस माणसे रजेवर असतात आणि जुना बस्ता काढणे हे एका दिवसाचे काम नाही. अर्ज आधीच गावातल्या विश्वासू वकिलामार्फत द्या आणि रजेत फक्त नक्कल घ्यायला या.

एक शक्यता सांगून ठेवतो. फौजदारी प्रकरणातले सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. ठरावीक मुदतीनंतर त्यांतले काही नष्ट करतात. तसे झाले असेल तर तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. ‘अभिलेख नष्ट केला आहे’ असा लेखी शेरा अर्जावर मागा आणि नोंदवहीत आपल्या खटल्याची जी ओळ आहे, ज्यात निकालाचा प्रकार आणि तारीख असते, तिचा प्रमाणित उतारा मागा.

उत्तर – वकील, चिपळूण

वरील उत्तर अत्यंत मोलाचे आहे. त्यात दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

माहितीच्या अधिकारातला अर्ज परत का आला, हे समजून घ्यावे. मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की न्यायालयीन कामकाजातल्या कागदांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, त्यासाठी माहिती अधिकाराचा मार्ग नाही. त्यामुळे पहिल्या अपिलात वेळ घालवू नका. पोलीस ठाणे आणि तहसील कार्यालय यांच्याकडील नोंदींसाठी मात्र माहिती अधिकार जरूर वापरावा.

संकेतस्थळावर नाव न मिळण्याची कारणे साधी असतात. इतका जुना निकाली खटला तिथे चढवलेलाच नसतो. आणि अलीकडचा असला तरी नावाचे स्पेलिंग दोषारोपपत्रात जसे असेल तसेच लागते. सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हाती असेल तर शोध एका झटक्यात होतो. नसेल तर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून शोधावे, तसेच ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे दोन्ही पर्याय वेगवेगळे तपासावेत. तिथून उतरवलेला आदेश माहितीसाठी ठीक आहे, परंतु तो प्रमाणित प्रत म्हणून चालत नाही.

ज्यांचा खटल्याशी थेट संबंध नाही अशांनाही नक्कल मिळू शकते, पण कारण सांगावे लागते आणि परवानगी न्यायाधीश देतात. कारणाच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र जोडलेले बरे. आरोपीला दोषारोपपत्राच्या प्रती विनामूल्य देणे बंधनकारक आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २०७ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २३० आहे. मात्र दोषारोपपत्र हा सर्वांसाठी खुला दस्तऐवज नाही, ते संकेतस्थळावर टाका असा आदेश देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख आणि बालन्यायाच्या प्रकरणांत मुलाची ओळख कायद्याने झाकलेली असते, आणि ती तशीच राहिली पाहिजे, यावर माझा ठाम विश्वास आहे.

वरच्या न्यायालयातला कागद हवा असल्यास एक बदल ध्यानात ठेवावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. रायगड पूर्वीप्रमाणे मुंबईकडेच आहे.

पूरक प्रश्न – देवगडची ताई

माझे भाऊजी मासेमारीच्या होडीवरून पडून बुडाले. विम्याच्या कामासाठी ‘कोर्टाचे कागद’ आणा, असे मला सांगितले आहे. न्यायालयात दोनदा विचारले, तिथे काहीच नोंद नाही. मी कुठे चुकते आहे?

उत्तर – नक्कल विभागातला निवृत्त

ताई, आपले काहीच चुकलेले नाही, आपल्याला दार चुकीचे दाखवले गेले. बुडून मृत्यू झाला आणि कोणावर गुन्हा नसेल, तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, मरणोत्तर पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो आणि ती कागदपत्रे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातात. ते महसूल खात्याचे अधिकारी आहेत, त्यांचे कार्यालय न्यायालयात नसते. पूर्वी हे जुन्या संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता नव्या संहितेच्या कलम १९४ खाली होते. पोलीस ठाण्यातून अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक व तारीख घ्या, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत तिथेच मागा, आणि अंतिम अहवाल मंजूर झाला का, याची चौकशी प्रांत कार्यालयात, म्हणजे याच उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, करा. विमा कंपनीला त्यांना हवा असलेला कागद नेमका कोणता, हे लेखी द्यायला सांगा.

हीच गोष्ट चॅप्टर केसची, म्हणजे शांतता भंग होऊ नये म्हणून होणाऱ्या प्रतिबंधक कारवाईची. शांतता राखण्याचा बंधपत्र तहसीलदारांपुढे, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून, लिहून घेतला जातो. त्याचे कागद न्यायालयात शोधणारी कितीतरी माणसे मी माझ्या नोकरीत खिडकीवरून परत पाठवली आहेत, आणि प्रत्येकाला तहसील कचेरीचा रस्ता सांगितला आहे.

प्रश्नकर्ता – खाडीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. समन्स खिडकीशी तिरके धरले आणि शिक्क्यावर शेजारच्या तालुक्याचे नाव वाचता आले. म्हणजे मी चुकीच्या न्यायालयात विचारत होतो. पोलीस ठाण्यातल्या पैरवी अंमलदारांनी जुनी नोंदवही काढून खटला क्रमांक दिला, तो १९९८ चाच निघाला. वकिलांनी श्रावणात अर्ज दिला आणि काल नक्कल माझ्या हाती आली.

पुरसीस अर्ध्या पानाची आहे. खाली माझ्या वडिलांची सही आहे आणि तिच्या शेजारी, ज्यांच्याशी आम्ही भांडलो त्या आजोबांचा अंगठा आहे. आदेश चार ओळींचा आहे आणि त्यात ‘आरोपींना निर्दोष मुक्त करण्यात येते’ हे शब्द आहेत. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन गुन्ह्याच्या नोंदीसमोर निकाल भरून देण्याचा अर्ज केला, त्याची पोहोच घेतली. दुसरी प्रत पासपोर्ट कार्यालयाला देणार आहे. रोजनामा सहा पानांचा आहे, तो मी अजून वाचतो आहे.