ठिबकच्या फर्मवेअरसाठी वेगळी चूल मांडायची का?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारं एक ओपन सोर्स फर्मवेअर (कंट्रोलर बॉक्समधलं सॉफ्टवेअर) आहे. ईएसपी३२ या छोट्या वायफाय चिपवर चालतं, परवाना जीपीएल ३, म्हणजे कोड कुणीही घेऊन बदलू शकतो. आपल्याकडे शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते आणि मधेच जाते. परत आली की हे फर्मवेअर पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करतं. पहिल्या प्लॉटच्या केळीला युरिया दोनदा जातो, शेवटचा प्लॉट कोरडा.

उरलेला वेळ फ्लॅशमध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून तिथूनच पुढे चालवणारा पॅच, म्हणजे कोडातला बदल, तयार आहे, १४०० ओळींचा. मेंटेनरने (मूळ प्रकल्प सांभाळणाऱ्याने) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्यायची आमची विनंती, बंद केली. म्हणे फ्लॅश झिजेल, आणि हे काम प्रकल्पाच्या कक्षेत बसत नाही. शब्दाला शब्द लागला तो वेगळाच. सांभाळायला आम्ही दोघं तयार आहोत. फोर्क, म्हणजे त्याच कोडाचा आपला वेगळा प्रकल्प, करावा का?

गिरणाथडी
भाऊ, फोर्कचं नंतर. आधी झिजेचा हिशेब मांडा, कारण त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

ईएसपी३२ चं नेहमीचं एनव्हीएस पार्टिशन (फ्लॅशमधला सेटिंग साठवायचा भाग) २४ केबीचं, म्हणजे ४ केबीची ६ पानं. एक पान कायम मोकळं राहतं. दर पानात १२६ नोंदी, म्हणून साधारण ६३० वेळा लिहिलं की प्रत्येक पान एकदा पुसलं जातं. फ्लॅश सुमारे एक लाख वेळा पुसणं सोसते. ढोबळमानाने ६ कोटी ३० लाख नोंदी झाल्या. आठ व्हॉल्व्हच्या नोंदी दर सेकंदाला, रोज आठ तास लिहिल्यात तर दिवसाला २,३०,४०० होतात आणि नऊ महिन्यांत खेळ आटोपतो. तेच दर मिनिटाला लिहा, चाळीस वर्षं निघतात. तुम्ही किती वेळाने लिहिता ते सांगितलंच नाही, बहुधा सेकंदाला.

दुसरं, व्हॉल्व्ह बंद करायची वेळ साठवू नका, उरलेली मिनिटं साठवा. शेतात वायफाय नसलं की लाईट आल्यावर घड्याळ १९७० दाखवतं. घड्याळ हवंच असेल तर सेलवाली डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा.

आणि लाईट आल्याबरोबर खताची लाईन उघडू नका. आधी नुसतं पाणी, लॅटरलमध्ये (झाडांच्या ओळीतल्या ठिबक नळ्यांत) दाब बसला की मग खत. हे पॅचमध्ये नसेल तर मी पण तो घेतला नसता.

१४०० ओळी एकदम कुणी वाचत नाही. आधी फक्त 'स्थिती साठव' आणि 'स्थिती परत आण' एवढी दोन रिकामी फंक्शनं जोडायची जागा मागा, पन्नास-साठ ओळींत. बाकी सगळं वेगळ्या मॉड्यूलमध्ये, कंपाइल करताना मुळात बंद. त्याला सांभाळायला काही उरत नाही, म्हणून नकार द्यायलाही फारसं उरत नाही.

सातपुडा_कर्नल
वरच्याला माझा दुजोरा. तेही नाकारलं तरी लगेच पूर्ण फाटाफूट नको. पॅच आपल्या ब्रँचवर ठेवा आणि फक्त त्यांच्या रिलीज टॅगवर (जाहीर केलेल्या आवृत्तीवर) रीबेस करा, म्हणजे आपला बदल त्यावर नव्याने बसवा, रोज बदलणाऱ्या मेन ब्रँचवर नाही. गिटची रीरीरी (rerere) ही सोय सुरू ठेवा, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) पुढच्या वेळी तसाच सुटतो. नजर मात्र घाला. दोन-तीन रिलीजमध्ये किती तास गेले ते लिहून ठेवा. रिलीजमागे अर्धा दिवस लागत असेल तर फोर्कची गरजच नाही.

नोड (Node.js, जावास्क्रिप्ट चालवणारा प्रकल्प) मधून आयओ.जेएस हा फोर्क डिसेंबर २०१४ मध्ये निघाला आणि सप्टेंबर २०१५ च्या नोड ४ मध्ये परत एक झाला. तिथे मुख्य कोड लिहिणारेच बाहेर पडले होते, म्हणून जमलं. तुम्ही दोघं. ऐन केळी कापणीत सुरक्षेचा पॅच आला तर बसणार कोण?

तरी करायचाच ठरला तर नाव बदला. जीपीएल कोड देते, नाव देत नाही. २०११ मध्ये हडसन या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लोकांना नावावरूनच जेन्किन्स व्हावं लागलं. जुन्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवा, बॉक्स विकलात तर सोर्सही द्या. आणि सगळ्यात आधी ओटीए (नेटवरून आपोआप येणाऱ्या) अपडेटचा पत्ता आणि ते अपडेट खरं ठरवणाऱ्या सहीची की बदला. हे हमखास विसरतं. मग बॉक्स रात्रीतून मूळ फर्मवेअर ओढून घेतो, आणि पॅच गेला कुठे म्हणून सगळे कोड धुंडाळत बसतात.

केळीवाला_रावेर
सेकंदालाच लिहीत होतो. मिनिटावर आणतो आणि जोडजागेचा छोटा पुल रिक्वेस्ट आधी टाकतो. दाब बसायची वाट किती मिनिटं ठेवू? प्रेशर स्विच नाही.

गिरणाथडी
मेनलाईनच्या लांबीवर आहे. सगळ्यात लांबच्या लॅटरलचं टोक बघा, तिथे थेंब सारखा पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा, वर दोन मिनिटं. आकडा कोडात पक्का करू नका, सेटिंगमध्ये ठेवा.