लिनक्स फोनचं हार्डवेअर टर्मिनलवरून: टॉर्च, व्हायब्रेशन, सेन्सर, एसएमएस (चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कवडसा

पाइनफोन या लिनक्स फोनवर पोस्टमार्केटओएस ही कार्यप्रणाली आणि फॉश हा स्क्रीनवरचा इंटरफेस आहे. यूएसबी केबल लावून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून टर्मिनलमध्ये लॉगइन) होतं. आता एकाच शेल स्क्रिप्टमधून एवढं जमवायचं आहे: टॉर्च लावणं-विझवणं, स्क्रीनचा उजेड बदलणं, मोटर थरथरवणं, फोन पालथा ठेवला आहे का ते ओळखणं आणि ठरावीक नंबरला एसएमएस पाठवणं. स्क्रीनला हात लावायचा नाही आणि स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणूनही चालवायची नाही.

अडतं ते असं:

सुडो इको १ > /सिस/क्लास/लेड्स/व्हाइट:फ्लॅश/ब्राइटनेस

यावर 'परमिशन डिनाइड' येतं, सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावूनसुद्धा. व्हायब्रेशनसाठीचं एफबीसीएलआय एसएसएचमधून चालवलं की बस (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची वाट, डी-बस) सापडत नाही म्हणतं. मोडेम हाताळणारं एमएमसीएलआय मोडेम दाखवतं, पण एसएमएस तयार करताना 'अनऑथराइज्ड' म्हणून नकार देतं. या तिन्हींचं कारण एकच आहे की वेगवेगळी आहेत?

(कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.)

---

कर्नलवाटे

कारणं तीन आहेत, पण प्रश्न एकच विचारायचा: या हार्डवेअरचा ताबा सध्या कोणाकडे आहे? एलईडी आणि बॅकलाइट कर्नल थेट फाइल म्हणून देतं. व्हायब्रेशन, मोडेम आणि कॉलचा आवाज यांच्यावर आधीच एखादी सेवा बसलेली असते. तिला डावलून लिहिलं तर एक तर नकार मिळतो, नाहीतर तुमची किंमत क्षणात पुसली जाते.

तुमची पहिली ओळ का फसते ते आधी. '>' हे चिन्ह सुडो बघतच नाही. फाइल उघडण्याचं काम तुमचं शेल करतं, तेही तुमच्याच साध्या युजरच्या अधिकारात. म्हणून फाइल उघडण्याचं काम सुडोखालच्या 'टी' कमांडला द्या:

इको १ | सुडो टी /सिस/क्लास/लेड्स/व्हाइट:फ्लॅश/ब्राइटनेस

किती आकडा चालेल हे शेजारच्या मॅक्स_ब्राइटनेस फाइलमध्ये असतं. पाइनफोनच्या फ्लॅशला टॉर्च म्हणून फक्त ० आणि १ कळतं, त्यामुळे मंद टॉर्चच्या मागे लागू नका. त्याच फोल्डरमध्ये फ्लॅश_स्ट्रोब आहे. त्यात १ लिहिलं की जास्त करंटचा लखलखाट होतो आणि फ्लॅश_टाइमआउटमधल्या मायक्रोसेकंदांनंतर ड्रायव्हर तो स्वतः बंद करतो. ही वेळमर्यादा एलईडी जळू नये म्हणून असते. लूपमध्ये पुन्हा पुन्हा स्ट्रोब करून ती चुकवू नका. सलग उजेडासाठी ब्राइटनेसच वापरा.

लुकलुकणारा दिवा हवा असेल तर स्लीप घालून लूप लिहिण्याची गरज नाही. ट्रिगर फाइल कॅटने वाचा, चालू असलेला ट्रिगर चौकटी कंसात दिसेल. तिच्यात 'टायमर' लिहिलं की डिले_ऑन आणि डिले_ऑफ या दोन फाइली उगवतात, दोन्ही मिलिसेकंदांत. पुढचं काम कर्नल करतं, स्क्रिप्ट संपली तरी दिवा लुकलुकत राहतो. ब्राइटनेसमध्ये ० लिहिलं की ट्रिगरही सुटतो. बरेच जण ट्रिगर लावल्यावर ब्राइटनेस ० करतात आणि मग ट्रिगर चालत नाही म्हणून शोधत बसतात.

आता रूटशिवाय. यूडेव्हच्या (हार्डवेअर सापडलं की नियम चालवणारी सेवा) नियमात ग्रुप='व्हिडिओ' असं लिहून सिसएफएसवर (/सिस खालच्या फाइलींवर) काही परिणाम होत नाही, कारण तो पर्याय फक्त /डेव्ह मधल्या नोडला लागू होतो. सिसएफएसच्या फाइलीचा ग्रुप आणि परवानगी रन वापरून बदलावी लागते:

सबसिस्टम=="लेड्स", रन+="/बिन/चग्रुप व्हिडिओ /सिस%पी/ब्राइटनेस", रन+="/बिन/चमॉड जी+डब्ल्यू /सिस%पी/ब्राइटनेस"

%पी च्या जागी त्या डिव्हाइसचा मार्ग आपोआप येतो. ट्रिगर फाइलसाठी अशाच दोन कलमांची भर घाला आणि युजर व्हिडिओ गटात आहे ना ते बघा. एक बारीक खाच आहे. डिले_ऑन आणि डिले_ऑफ बूटच्या वेळी अस्तित्वातच नसतात, ट्रिगर लावल्यावर नव्याने बनतात आणि रूटच्या मालकीच्या असतात. ट्रिगर बदलला की कर्नल 'चेंज' घटना पाठवतं, म्हणून नियमात अ‍ॅक्शन=="अ‍ॅड" अशी अट घालू नका आणि या दोन फाइलींचीही कलमं लिहा. नियम लिहून झाल्यावर यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड, मग यूडेव्हएडीएम ट्रिगर.

बॅकलाइट /सिस/क्लास/बॅकलाइट खाली आहे. फोल्डरचं नाव फोनगणिक बदलतं, स्क्रिप्टमध्ये ते पक्कं लिहू नका. ब्राइटनेस ० म्हणजे स्क्रीन बंद असं प्रत्येक ड्रायव्हरमध्ये होत नाही, काहींमध्ये तो फक्त सर्वांत मंद उजेड असतो. पूर्ण काळोख हवा तर बीएल_पॉवरमध्ये ४, परत उजेड हवा तर ०. पण फॉशला यातलं काहीच कळत नाही. स्क्रीन काळी आणि टच मात्र जागा, अशा फोनवर खिशात काहीही दाबलं जाऊ शकतं. स्क्रीन खरंच मिटवायची असेल तर सत्र लॉक करणं बरं.

ब्राइटनेससीटीएल हे छोटं साधन एलईडी आणि बॅकलाइट दोन्ही हाताळतं: -एल ने यादी, -डी ने डिव्हाइसचं नाव, पुढे सेट २०%. फोनच्या स्वतःच्या टर्मिनलवर ते कधीकधी लॉगइनडी या सत्रं सांभाळणाऱ्या सेवेमार्फत रूटशिवायही चालतं, आणि तेच एसएसएचमधून नकार देतं. कारण एसएसएचच्या सत्राला 'सीट' (स्वतःची स्क्रीन-कीबोर्ड) नसते आणि लॉगइनडी सीट नसलेल्या सत्राला उजेड बदलू देत नाही. वरचा यूडेव्ह नियम असेल तर हा प्रश्नच येत नाही.

---

थरथर

मोटर आणि सेन्सरबद्दल लिहितो.

पाइनफोनची मोटर एलईडीसारखी फाइल म्हणून मिळत नाही. ती इनपुट डिव्हाइस आहे आणि फोर्स-फीडबॅकने चालते. /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस उघडा, ज्या नोंदीत 'एफएफ=' ची ओळ आहे तिचा इव्हेंट क्रमांक घ्या. तपासायला एफएफटेस्ट /डेव्ह/इनपुट/इव्हेंटN, मग रंबलच्या परिणामाचा क्रमांक. युजर इनपुट गटात हवा. या मोटरला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं, म्हणून जोर कमी दिला तरी थरथर तेवढीच राहते. हलकं वाटायला हवं असेल तर वेळ कमी करा.

स्वतः पायथनमध्ये लिहिणार असाल तर हे आधीच ध्यानात ठेवा: इव्हेंट फाइल बंद झाली की कर्नल त्या प्रोग्रामने चढवलेले सगळे परिणाम काढून टाकतं. ५०० मिलिसेकंदांचा परिणाम सुरू करून स्क्रिप्ट लगेच संपली तर मोटर जेमतेम हलते आणि दोष हार्डवेअरला मिळतो. थरथर संपेपर्यंत फाइल उघडी ठेवा.

दुसरा आणि बहुतेक वेळा योग्य रस्ता म्हणजे फीडबॅकडी ही सेवा, तिची कमांड एफबीसीएलआय:

एफबीसीएलआय -ई मेसेज-न्यू-इन्स्टंट

(इथे -ई मोठं अक्षर.) ही सेवा युजरच्या सत्राच्या डी-बसवर असते आणि एसएसएचच्या शेलला त्या बसचा पत्ता माहीत नसतो. तुमची 'बस सापडत नाही' ही अडचण इथेच येते. डीबस_सेशन_बस_अ‍ॅड्रेस हे चल स्क्रिप्टमध्ये भरा. फोनवर सिस्टमडी (सेवा सुरू करणारी प्रणाली) असेल तर यूनिक्स:पाथ=/रन/युजर/१००००/बस, कारण पोस्टमार्केटओएसच्या नेहमीच्या युजरचा क्रमांक १०००० असतो. तिच्याऐवजी ओपनआरसी असेल तर पत्ता वेगळा असू शकतो, तेव्हा फॉशच्या प्रोसेसच्या /प्रॉक/<क्रमांक>/एन्व्हायरन मधून तो उचला. प्रोफाइल 'सायलेंट' असेल तर फीडबॅकडी मोटर हलवणार नाही. कमांड बिनतक्रार संपते आणि फोन गप्प राहतो. एफबीसीएलआय -पी फुल देऊन बघा (इथलं -पी सुद्धा मोठं).

सेन्सर /सिस/बस/आयआयओ/डिव्हाइसेस खाली. आयआयओ:डिव्हाइस० आज अ‍ॅक्सेलरोमीटर असेल तर पुढच्या बूटला मॅग्नेटोमीटर असू शकतो, म्हणून प्रत्येक फोल्डरातली 'नेम' फाइल वाचूनच ठरवा. अ‍ॅक्सेलरोमीटर एमपीयू६०५० आहे. ±२जी च्या पट्ट्यात १जी म्हणजे १६३८४ इतकी कच्ची किंमत. इन_अ‍ॅक्सेल_झेड_रॉ ला इन_अ‍ॅक्सेल_स्केल ने गुणलं की मीटर प्रति सेकंद वर्ग मिळतं. फोन सपाट टेबलावर असेल तर ९.८ च्या आसपास यायला हवं. चिन्ह अधिक येणार की उणे हे चिप बोर्डावर कशी बसवली आहे त्यावर ठरतं. नावात माउंट_मॅट्रिक्स असलेली फाइल त्यासाठीच असते, पण कच्ची किंमत तिने दुरुस्त झालेली नसते. सोपी तपासणी: फोन एकदा उताणा आणि एकदा पालथा ठेवून झेड वाचा. मग पालथ्याचं चिन्ह आणि इन_प्रॉक्सिमिटी_रॉ ची वाढलेली किंमत, दोन्ही जुळली तरच 'पालथा' माना. नुसत्या अ‍ॅक्सेलरोमीटरवर भरवसा ठेवला तर बिछान्यात वर धरून वाचलेला फोनही पालथाच ठरतो.

वाचताना 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी या सेवेने त्या सेन्सरचा बफर चालू केलेला आहे. बफर चालू असेपर्यंत रॉ फाइल वाचता येत नाही. सेवा मारून टाकू नका, स्क्रीन आपोआप फिरणं बंद पडेल. त्यापेक्षा मॉनिटर-सेन्सर चालवून त्याच सेवेकडून माहिती घ्या.

---

मोडेमघर

'अनऑथराइज्ड' हा नकार मोडेमचा नाही, पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा आहे. मोडेम सांभाळणारा मोडेममॅनेजर फोनसमोर बसलेल्या चालू सत्राला परवानगी देतो आणि एसएसएचचं सत्र त्या हिशेबात बसत नाही. /ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये नियम घालून एका ठरावीक गटाला ओआरजी.फ्रीडेस्कटॉप.मोडेममॅनेजर१.मेसेजिंग या क्रियेपुरती 'येस' द्या. कॉल आणि जीपीएस लागणार असेल तर व्हॉइस आणि लोकेशन वेगळे जोडा. सरसकट मोडेममॅनेजर१ ला मोकळीक देऊ नका. त्यात डिव्हाइस कंट्रोलही येतं आणि स्क्रिप्टमधल्या एका चुकीने मोडेम बंद पडू शकतो.

मग दोन पायऱ्या:

एमएमसीएलआय -एम एनी --मेसेजिंग-क्रिएट-एसएमएस="टेक्स्ट='मजकूर',नंबर='नंबर'"

याच्या उत्तरात एक मार्ग येतो, त्याच्या शेवटी क्रमांक असतो. समजा ५:

एमएमसीएलआय -एस ५ --सेंड

हा क्रमांक दर वेळी बदलतो, त्यामुळे उत्तरातूनच काढा. यादी किंवा स्थिती वाचताना माणसासाठी छापलेला तक्ता ग्रेप करण्यापेक्षा मोठं -जे देऊन जेसन (यंत्राला वाचायला सोपा मजकूर) घ्या आणि जेक्यू कमांडने वाचा. पाठवून झाल्यावर --मेसेजिंग-डिलीट-एसएमएस=५ विसरू नका. सिम किंवा मोडेमची साठवण भरली की नवे संदेश आत येणं थांबतं आणि कुठेही लाल अक्षरांत काही दिसत नाही.

जीपीएससाठी --लोकेशन-एनेबल-जीपीएस-एनएमईए, मग --लोकेशन-गेट. अगदी थंड सुरुवात असेल आणि मदतीचा डेटा नसेल तर उघड्या आकाशाखाली काही मिनिटं जातात. खोलीत बसून 'चालत नाही' असा निष्कर्ष काढू नका. काम झालं की बंद करा, बॅटरी खातं.

ईजी२५-जी या पाइनफोनच्या मोडेमला थेट एटी कमांड (मोडेमच्या स्वतःच्या भाषेतल्या) द्यायचा मोह आवरा. मोडेममॅनेजर त्याच पोर्टवर बोलत असेल तर दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात. --कमांड हा पर्याय सामान्य बिल्डमध्ये डिबग मोडशिवाय नकार देतो, तो याच कारणासाठी.

कॉल लागला पण आवाज नाही, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच: मोडेमला आवाजाच्या वाटा माहीत नसतात. कॉलऑडिओसीएलआय -एम १ ने कॉलचा मोड, -एस १ ने स्पीकर, कॉल संपल्यावर -एम ०.

एमएमसीएलआय -एल ची (इथलं -एल मोठं) यादीच रिकामी आली तर सॉफ्टवेअर उकरण्याआधी मागचं झाकण काढा. तिथे सहा बारीक स्विच आहेत: १ मोडेम, २ वाय-फाय आणि ब्लूटूथ, ३ मायक्रोफोन, ४ मागचा कॅमेरा, ५ पुढचा कॅमेरा, ६ हेडफोन. सहावा बंद केला की हेडफोनच्या भोकातून सिरियल कन्सोल मिळतो, वेग ११५२००. फोन बूट होत नसेल तेव्हा त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

---

कवडसा

टॉर्च आणि एसएमएस दोन्ही रूटशिवाय झाले. 'टी' न वापरता आता साधा इकोही चालतो. दोन गोष्टी राहिल्या. स्क्रिप्ट मध्येच थांबते, बहुधा फोन झोपतो. आणि हीच स्क्रिप्ट टर्मक्स (अँड्रॉइडवरचं टर्मिनल अ‍ॅप) असलेल्या साध्या अँड्रॉइड फोनवर नेता येईल का?

---

कर्नलवाटे

झोपेबद्दल: मोठं काम ग्नोम-सेशन-इनहिबिट --इनहिबिट सस्पेंड च्या पुढे लिहून चालवा, काम संपलं की अडवणूक आपोआप उठते. तीही युजरच्या बसवरूनच जाते, म्हणून एसएसएचमधून बसचा पत्ता इथेही भरावा लागेल. उलट, दर दहा मिनिटांनी उठून एकच वाचन घ्यायचं असेल तर फोन जागा ठेवू नका. आरटीसीवेक -एम मेम -एस ६०० ने झोपवा, गजर झाला की पुढची ओळ चालते. याला मात्र रूट लागतं, त्यामुळे सुडोअर्समध्ये तेवढ्याच एका कमांडला परवानगी द्या. आणि हा लूप एसएसएचमधून सुरू करू नका. झोपेत नेटवर्क तुटतं आणि सत्राबरोबर स्क्रिप्टही मरते. टीमक्समध्ये (सत्र तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) किंवा सेवा म्हणून चालवा.

---

थरथर

अँड्रॉइडवर हीच स्क्रिप्ट जाणार नाही. कर्नल लिनक्सच असलं तरी टर्मक्स एका साध्या अ‍ॅपच्या अधिकारात चालतं, आणि एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था त्याला सिसएफएसच्या बहुतेक फाइलींना हात लावू देत नाही. तिथे हार्डवेअरची मालकी अँड्रॉइडच्या सेवांकडे आहे, त्यांनाच विचारायचं.

पीकेजी इन्स्टॉल टर्मक्स-एपीआय, आणि त्याशिवाय टर्मक्स:एपीआय हे वेगळं अ‍ॅप. दोन्ही अ‍ॅप एकाच ठिकाणाहून घ्या. एफ-ड्रॉइड आणि गिटहबच्या बिल्डवर वेगवेगळ्या सह्या असतात, मिसळले तर दुसरं अ‍ॅप बसतच नाही. पॅकेज आहे पण अ‍ॅप नाही, अशा वेळी कमांड काहीही न सांगता अडकून राहते.

मग टर्मक्स-टॉर्च ऑन, टर्मक्स-व्हायब्रेट -डी ५०० (फोन सायलेंट असला तरी हवं तर -एफ), टर्मक्स-सेन्सर -एल ने यादी, आणि -एस नाव -एन १ ने एकच वाचन. -एन दिलं नाही तर ते थांबतच नाही. टर्मक्स-एसएमएस-सेंड -एन नंबर मजकूर, पण एसएमएसची परवानगी आधी सेटिंग्जमधून द्यावी लागते. स्क्रीन बंद असताना चालायला हवं तर सुरुवातीला टर्मक्स-वेक-लॉक आणि शेवटी टर्मक्स-वेक-अनलॉक.

दोन्ही फोनवर एकच स्क्रिप्ट हवी असेल तर टॉर्च, थरथर, पालथा आणि संदेश अशी चार शेल फंक्शन करा. टर्मक्स-टॉर्च सापडतं का ते कमांड -व्ही ने बघा आणि त्याप्रमाणे दोनपैकी एक फाइल सोर्स करा. बाकीची स्क्रिप्ट जशीच्या तशी राहते.