अकापेला: शेवटपर्यंत सूर उतरतो, काय करावं?

प्रश्न: बेळगावात कॉलेजच्या सहा जणांचा जॅझ अकापेला (वाद्यांशिवाय गाणारा) गट आहे. गाणं संपेपर्यंत अर्धा स्वर खाली येतो. तानपुरा लावून सराव करावा का?

उत्तर १: नको. जॅझमध्ये कॉर्डचा (एकाच वेळी गायलेल्या स्वरांच्या गुच्छाचा) मूळ स्वर सतत बदलतो, तानपुरा कानाला एकाच षड्जाकडे ओढतो. शिवाय तानपुऱ्यावर लावलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. त्याच्यावरून पुढचा कॉर्ड उचलला की घसरण साचत जाते. दर आठ बारना (बार म्हणजे मात्रांचा एक गट) थांबा, पेटीवर स्वर तपासा. फक्त शेवटी तपासलंत तर कुठे घसरलं ते कळणारच नाही.

उत्तर २: कोणी कोणता स्वर गायचा ही मांडणीही बघा दादा. बेसकडे (सगळ्यात खालच्या आवाजाकडे) कॉर्डचा मूळ स्वर, मधल्या आवाजांकडे त्यापासून तिसरा आणि सातवा. स्वर गाळायचाच तर पाचवा गाळा. चुटक्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. पहिलीवर जोर द्यायची भजनातली सवय इथे सोडावीच लागते.