साथरोगतज्ज्ञाचे संशोधन कशावरून जोखावे?

पीएसएम निवासी, अंबाजोगाई:
नमस्कार. मी पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विषयात एमडी करीत असून, विभागातील सेमिनारसाठी मला एखाद्या साथरोगतज्ज्ञाच्या संशोधनकार्याचा आढावा घ्यायचा आहे. शोधनिबंध किती, इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले आणि एच-इंडेक्स किती, एवढे सांगितले की आढावा पूर्ण झाला असे सहसा मानले जाते. एच-इंडेक्स 40 म्हणजे प्रत्येकी किमान 40 वेळा उल्लेखले गेलेले 40 निबंध, हे मला समजते. परंतु साथ चालू असताना जो माणूस छावणीत किंवा गावात राबतो, त्याच्या कामाचे मोल या आकड्यात उतरते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटीचा जुना विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर:
आपण डॉ. दिलीप महालनबीस यांचे कार्य घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची (कॉलराची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. तोटी बसवलेल्या पिंपांतून नातेवाईकच पेले भरून घेत आणि रुग्णाला पाजत राहत; प्रशिक्षित माणसे अपुरी असताना माझ्या मते हीच गोष्ट निर्णायक ठरली. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. हा अनुभव 1973 मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. ती काही नियंत्रित चाचणी नव्हती, तरीही 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचारामागील शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. आज आपल्या आशाताईंच्या पिशवीत याच मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची पाकिटे असतात, आणि त्यांमुळे वाचलेल्या बाळाची नोंद कोणत्याही संदर्भसूचीत होत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र, नांदेड:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र संदर्भगणनेला सरसकट कमी लेखू नये. कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकामध्ये दाखवून दिले की, पटकीचे जंतू गाळून काढलेला द्रवसुद्धा सशाच्या बांधलेल्या आतड्यात पाणी साचवतो; म्हणजेच घात जंतूच्या विषामुळे होतो. हे विष आतड्यातून पाणी झिरपवते, परंतु ग्लुकोजसोबत क्षार शोषून घेण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते, आणि ओआरएस लागू पडते ते त्यामुळेच. डे यांच्या निबंधाकडे आरंभी फारसे कोणी वळले नाही. 1985 मध्ये ते निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी ज्यांनी त्यांच्यावर लेख लिहून हे ऋण मांडले ते युजीन गारफिल्ड हे संदर्भ मोजण्याच्या सूचीचे (सायटेशन इंडेक्सचे) जनकच होते. तेव्हा दोष मोजणीचा नसून घाईने मोजण्याचा आहे, असे मला वाटते. डे हे विकृतिशास्त्रज्ञ होते, एवढे मात्र सेमिनारमध्ये स्पष्ट करावे.

निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, बीड:
आपल्या भागाचाही विचार व्हावा. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावातून प्लेगचे संशयित रुग्ण पुढे आले, त्याआधी तेथे पिसवांचा उपद्रव वाढला होता आणि उंदीर मरून पडत होते. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक तात्पुरत्या निवाऱ्यांत राहायला गेले, धान्य जुन्या घरांत राहिले आणि उंदीर माजले, असे कारण तेव्हा मांडले गेले. गावकऱ्यांच्या अशा तक्रारीपासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट ज्याच्या अभ्यासामुळे जवळची झाली, त्याचे कार्य मी मोठे मानतो. 2004 मध्ये सुरू झालेला आयडीएसपी कार्यक्रम, म्हणजे साथरोग सर्वेक्षणाची आपली राष्ट्रीय योजना, नेमका याच गरजेसाठी आहे. संशोधकाच्या नावापुढे त्याने सुचवलेली कोणती नोंदपद्धती प्रत्यक्ष वापरात आली, हेही आपण लिहावे.

पीएसएम निवासी, अंबाजोगाई:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. महालनबीस यांचे कार्य मुख्य विषय म्हणून घेते आणि डे यांचा 1959 चा निबंध त्याची पूर्वपीठिका म्हणून मांडते. पर्यवेक्षक साहेब, मामला येथील तक्रार प्रथम कोणत्या पातळीवर नोंदली गेली, याविषयी आपणांस आठवत असेल तर अवश्य लिहावे. सेमिनारच्या चर्चेत तो भाग मला घ्यायचा आहे.