कॅबट ट्रेल आरव्हीने: वळसा कुठल्या दिशेने घ्यावा?

जुलैत आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर आठवडाभर 25 फुटी आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) न्यायचीय, कॅबट ट्रेल या वळसा घालणाऱ्या रस्त्याने. बाबांना समुद्र हवा, आईला घाटात गाडी लागते. काय करू?

हॅलिफॅक्सकर: आम्ही दोनदा गेलोय. ट्रेल 298 किलोमीटरचा, लोक एका दिवसात उरकतात. कृपा करून तसं करू नका! घड्याळाच्या दिशेने जा, इथे गाडी उजव्या बाजूने चालते, म्हणजे तुम्ही डोंगराकडच्या लेनमध्ये राहाल. आईंना कड्याच्या काठावरून जावं लागणार नाही. मॅकेंझी आणि नॉर्थ माउंटन हे डोंगर उतरताना खालचा गिअर टाका. सतत ब्रेक दाबलात तर ते तापतात. पहिल्या खेपेला आमच्या गाडीतून जळका वास यायला लागला होता, मुलं घाबरली. मुक्काम पश्चिमेला शेटीकॅम्पला दोन रात्री, पूर्वेला ब्रॉड कोव्हला दोन. वीज-पाण्याच्या जागा पार्क्स कॅनडाकडे (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) आत्ताच आरक्षित करा.

मीरा_ओंटारियो: अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, रस्त्यावर मूस (मोठ्ठी हरणं) येतात. आईंना पुढच्या सीटवर बसवा, आलेपाक जवळ ठेवा.

प्रश्नकर्ता: घड्याळाच्या दिशेनेच जातो. बाबांना स्कायलाइनची पायवाट जमेल का? वय 68, रोज अजिंक्यतारा चढतात.

हॅलिफॅक्सकर: मग आरामात. सूर्यास्ताला न्या, परतीसाठी बॅटरी घ्या.